दहा मिनिटं पुढचं घड्याळ

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेच्या सरहद्दीवर होती. उंची पंधरा हजार फूट. मी सुभेदार, सिग्नल सेक्शनचा प्रमुख. मूळचा मूर्तिजापूरचा, जिल्हा अकोला. पोस्टिंगच्या जागेचं नाव सांगणार नाही. आता ते टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी मी सांगणार नाही. सवय जात नाही.

तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ताब्यात एक तक्ता आला. आम्ही त्याला विंडो चार्ट म्हणत होतो. चीन, अमेरिका, रशिया यांचे हेरगिरी करणारे उपग्रह आमच्या डोक्यावरून किती वाजता जाणार, ते रोज वरून संदेशाने कळायचं. त्या वेळेला विंडो म्हणायचं. विंडो लागली की शिट्टी वाजायची. गाड्या जाळ्यांखाली, इंजिनं बंद, रस्त्यावर हालचाल नाही, लंगरचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, धूरही बंद. विंडो संपली की दुसरी शिट्टी. दिवसातून चार-पाच वेळा हे चालायचं. जमिनीवरच्या शत्रूला न भिणारी माणसं आकाशातल्या एका डब्याला भिऊन बसायची, याचं मला सुरुवातीला हसू यायचं.

एका सोमवारी आमच्याकडे लांब गाड्या आल्या. मिसाईलच्या. त्यावर अण्वस्त्र बसतं की साधा बॉम्ब, हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. समोरच्यालाही ते कळू नये, तो कायम शंकेत राहावा, यावरच तर हा सगळा खेळ चालतो. त्या दिवसापासून हुकूम कडक झाला. विंडोमध्ये एकही चाक फिरणार नाही. सूट द्यायची तर फक्त सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, देणार.

नायक गजानन वानखडे माझ्या सेक्शनमध्ये होता. गाव मोझरीजवळ, तिवसा तालुका. वय एकतीस. पुढच्या रेडिओ पोस्टवर त्याची ड्यूटी असायची. शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबायचे, तेव्हा तो मला म्हणायचा, "सायेब, आमच्या मोझरीसारखं झालं पाहा." मोझरीला राष्ट्रसंत महाराजांच्या पुण्यतिथीला पाचला दोन मिनिटं कमी असताना सगळी गर्दी मौन उभी राहते. रस्त्यावरच्या गाड्याही थांबतात. गजानन लहानपणापासून त्यात उभा राहिलेला. "सुट्टीत चला एकदा, दाखवतो तुमाले," म्हणायचा. मी दर वेळी हो म्हणायचो.

आता घड्याळाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

माझे वडील रोज मूर्तिजापूरहून अकोल्याला पॅसेंजरने नोकरीला जायचे. घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. एकदा आत्या राहायला आली. तिने आपल्या शहाणपणाने ते आणखी दहा मिनिटं पुढे केलं. वडील त्या दिवशी स्टेशनवर गाडीची वाट पाहत ताटकळले. घरी येऊन म्हणाले, "अति तिथे माती." आम्ही आठवडाभर हसत होतो.

मी विंडो चार्टचं तेच केलं. संदेशात वेळ यायची ती मी रजिस्टरमध्ये उतरवताना दहा मिनिटं आधी सुरू करायचो आणि दहा मिनिटं उशिरा संपवायचो. माझ्या दोन्ही जुन्या माणसांना ठाऊक होतं. रजिस्टरमध्ये मी तशी नोंद केली नाही. घरातलं घड्याळ पुढे आहे असं कुणी भिंतीवर लिहितं का?

त्या आठवड्यात एक जुना माणूस रजेवर गेला आणि हवालदार मुरुगन नवीन आला. अत्यंत चोख माणूस, ताकही फुंकून पिणारा. त्याच्या आधीच्या युनिटमध्येही दहा मिनिटं जोडायची पद्धत होती. माझ्या रजिस्टरवरून बोर्डावर वेळा लिहिताना त्याने इमानाने दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं जोडली.

गुरुवार. सकाळी बोर्डावर विंडो होती दहा छत्तीस ते अकरा चोवीस. शिट्टी वाजली. दहा अडतीसला पुढच्या पोस्टवरून रेडिओ आला.

"केजुअल्टी एक। नायक वानखडे। साँस फूल रही है, खाँसी में झाग है। गाड़ी तैयार है। मूव की परमिशन। ओवर।"

उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याची ही लक्षणं. औषध एकच, लवकर खाली आणणं. पोस्टपासून एमआय रूम, म्हणजे डॉक्टरपर्यंतचा रस्ता सोळा मिनिटांचा. मी सीओ साहेबांना रेडिओवर बोलावलं. ते टेहळणीला गेले होते, मधे डोंगर होता, उत्तर आलं नाही. मी बोर्डाकडे पाहिलं.

"विंडो चालू है। होश में है क्या? ओवर।"

"होश में है। बात कर रहा है।"

मग सेटवर गजाननचाच आवाज आला. रेडिओ नेटवर मराठी बोलायची मनाई होती. तो बोलला.

"काही नाही सायेब. थांबतो मी."

मी म्हणालो, "वेट आउट।"

म्हणजे थांबा, नंतर कळवतो. एवढेच दोन शब्द. मी त्यानंतर चार वेळा सीओ साहेबांना बोलावलं आणि दर पाच मिनिटांनी पोस्टला विचारलं. अकरा दहानंतर तो बोलेनासा झाला. बोर्डावर अजून चौदा मिनिटं होती. मी ती पाळली. अकरा चोवीसला गाडी सुटली, अकरा चाळीसला पोचली. अकरा बावन्नला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "पाऊण तास आधी..." आणि मग म्हणाले, "काही सांगता येत नाही, साहेब."

संध्याकाळी मी संदेशाची मूळ चिठ्ठी काढली. विंडो होती दहा छप्पन्न ते अकरा चार. आठ मिनिटं. मुरुगनला विचारलं. त्याने सरळ सांगितलं आणि वर विचारलं, "जोडायची नव्हती का साहेब?" मला त्याच्यावर रागावता आलं नाही. चूक माझी होती, त्याची नव्हती.

चौकशी झाली. हुकूम पाळला का? पाळला. बोर्डावर विंडो होती का? होती. दहा मिनिटांचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती.

निवृत्त झाल्यावर मी अमरावतीला राहायला आलो. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत, एका कपड्यांच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो. तिसऱ्या दिवशी गेटवर एक बाई माझ्यासमोर थांबल्या. "तुमी सुभेदार सायेब ना? फोटोत पायलं तुमाले. मी गजाननची घरवाली, सुनंदा." त्या तिथे शिलाई विभागात कामाला होत्या. नोकरी सोडावी असं त्या दिवशी वाटलं. सोडली नाही. रोज सात पन्नासला त्या आत जायच्या, नमस्कार करायच्या. कधीकधी विचारायच्या, "सायेब, तवा नेमकं काय झालतं?" मी म्हणायचो, "ताई, ते गोपनीय आहे." हे उत्तर मला फार सोयीचं होतं.

मग मागच्या वर्षी अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. चहा घेत बसलो होतो. टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने उपग्रहाचे जुने फोटो जाहीर केले होते. पडद्यावर माझी पोस्ट. तो रस्ता, ते वळण, एमआय रूमचं छप्पर. लांब गाड्यांभोवती लाल गोल. जाळ्यांखालून त्यांचे आकार सरळ दिसत होते. फोटो एका खासगी कंपनीच्या उपग्रहाने काढलेले. तसे उपग्रह दिवसभर फिरत असतात. ते आमच्या चार्टमध्ये कधी नव्हतेच. निवेदक ओरडून ओरडून अणुयुद्ध करत होता. बहीण म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला, दादा."

माझा चहा तसाच राहिला. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनी सगळं पाहिलं होतं. जिचा नवरा गेला, तिलाच मी काही सांगितलं नव्हतं.

पुण्यतिथीला सुनंदाताई गेटवर म्हणाल्या, "मोझरीले येता का सायेब? त्याईची लय इच्छा होती तुमाले दाखवाची." मी गेलो. पाचला दोन कमी असताना एवढी मोठी गर्दी एकदम गप्प झाली. हमरस्त्यावरचा ट्रकही थांबलेला दिसला. मी सावधान उभा होतो. मौन सुटलं, लोक हलले, आम्ही एका लिंबाखाली बसलो. तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. वडिलांच्या घड्याळापासून.

त्यांनी मधे तोडलं नाही. मग विचारलं, "रस्ता किती मिनिटाचा होता?"

"सोळा."

"अन् ते वरतचं याले किती टाइम होता?"

"अठरा."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "इतके वर्स काऊन नाही सांगतलं?"

"गोपनीय होतं."

"टीवीवर आलं तरी?"

मी खाली पडलेली लिंबाची काडी उचलून मोडली. त्यांनी पुढे विचारलं,

"ते काही बोल्ले का शेवटी?"

"म्हणाले, काही नाही सायेब, थांबतो मी."

त्यांनी गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ते थांबणारेच होते. तुमी तरी निंगा म्हणाचं होतं."

दुसऱ्या दिवशी सात पन्नासला त्या कामावर आल्या. नमस्कार केला नाही, पण पुढे निघूनही गेल्या नाहीत. क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या. घरातलं घड्याळ मी बरोबर लावलं आहे. त्यापायी आतापर्यंत दोनदा माझी बस चुकली.

युनिटच्या स्मारकावर लिहिलं आहे, नायक गजानन वानखडे, कर्तव्यावर असताना. दगडावर तेवढंच मावतं. राहिलेलं मी इथे लिहितो. दहा अडतीसला त्याच्यासाठी गाडी मागितली गेली. गाडी तयार होती. रस्ता सोळा मिनिटांचा होता. आकाश अठरा मिनिटं रिकामं होतं.