मोठ्या वकिलांनी ठेवलेलं फाटक

आमच्या घरात एक म्हण होती. ज्याची बाजू लंगडी, त्याचा वकील मोठा. वडिलांनी निजामाच्या अदालतीत उर्दूत कैफियती लिहिल्या. पोलिस ॲक्शन झाली, अदालतीचं कोर्ट झालं, उर्दू गेली, इंग्रजी आली, मराठी आली; वडिलांनी सगळं नव्यानं शिकून घेतलं, पण ही म्हण काही सोडली नाही. त्यांच्यामागे काळा कोट मी चढवला आणि म्हणही माझ्याकडेच आली. औरंगाबादच्या कोर्टात चाळीसेक वर्षं काढल्यावर मी तिच्यात एवढीच भर घालीन, की मोठा वकील गोड बोलायला लागला तर खिसा आधी चाचपावा.

म्हणून आमच्या गावाकडच्या जमिनीसाठी सौर कंपनीचा भाडेपट्ट्याचा मसुदा आला, आणि कंपनीला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांचे सल्लागार म्हणून त्याच्यावर एका बड्या आंतरराष्ट्रीय वकिली फर्मचं नाव दिसलं, तेव्हा मला आनंद झाला नाही. संशयच आला. पाचोडच्या अलीकडची आमची माळरानाची जमीन. तिथं धड बाजरी येत नाही. तिच्यासाठी लंडन-सिंगापूरला कचेऱ्या असलेले वकील?

जमीन थोरल्या भावाकडे होती. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्यानं मसुदा हातात घेऊन जोखला, उघडला नाही.

"चौकशी कर," तो म्हणाला. "सोयरीक करताना करतो तशी. घराणं कसं, माणसं कशी, कुणाला बुडवलंय का."

मी खरोखरच तशी चौकशी केली. आमच्याकडे पोरगी द्यायची तर मुलाच्या गावच्या न्हाव्यापासून किराणावाल्यापर्यंत विचारतात. पण या फर्मचा न्हावी कुठं गाठायचा? त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की वीज प्रकल्प, बँकांचं कर्ज आणि लवाद यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अमुक यादीत पहिला क्रमांक, तमुक यादीत पहिला क्रमांक. दादा म्हणाला, "हे नंबर देतं कोन? त्यांचेच पाव्हणे आसतील." बाररूममध्ये विचारलं तर एकानं सांगितलं, परदेशी फर्मला इथं वकिली करायची परवानगीच नाही, म्हणून मुंबईची एक फर्म पुढं करतात. हे ऐकून माझा संशय आणखी बळावला. शेवटी मुंबईला हायकोर्टात असलेल्या वर्गमित्राला फोन लावला. तो म्हणाला, "त्यांची एकच ख्याती आहे. त्यांच्या हातून काही निसटत नाही."

मी ते दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "म्हंजे आपलंच निसटनार."

त्यांची माणसं आली ती पुंडलिकनगरला, माझ्याच घरी, पुढच्या खोलीतल्या ऑफिसात. सिंगापूरच्या कचेरीतली एक बाई आणि मुंबईच्या फर्मचा एक मराठी वकील. दादाही येऊन बसला होता. बाईंनी चहा घेतला, दुसरा कप मागून घेतला, आणि मग प्रश्न विचारायला लागल्या. मालकी कुणाची, वाटणी झाली का, विहिरीत कुणाचा हिस्सा. सगळं सावकाश, एकेक. मी मनात म्हणत होतो, खरा प्रश्न अजून यायचा आहे.

तो आला. मुंबईच्या वकिलानं मराठीत सांगितला: "या जमिनीवरून दुसऱ्या कुणाची जायची-यायची वाट, चराई, काही वहिवाट आहे का? लेखी नसली तरी चालेल."

वाक्य पुरं व्हायच्या आत दादा म्हणाला, "कुणाचीच नाय."

आता या 'नाय'ची कुळकथा सांगायला हवी. पोलिस ॲक्शननंतर कूळकायदा आला, तेव्हा आमच्या आजोबांच्या एका मळ्यात दुसराच माणूस कित्येक वर्षं कसत होता. तो कूळ म्हणून लागला आणि मळा त्याचा झाला. माझ्या मते तो त्याचाच होता, घाम त्यानं गाळला होता. पण हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. घरानं धडा घेतला तो वेगळाच: आपल्या रानात दुसऱ्याचं पाऊल पडतं हे कधी कबूल करायचं नाही. दादाच्या तो हाडीमासी खिळला होता.

पण पाऊल पडत होतं. मेंढरांचं. गावातल्या धनगर वस्तीवरचे तात्या दर उन्हाळ्यात कळप घेऊन आमच्या माळावरून धरणाच्या फुगवट्याकडे उतरायचे. पाणी ओसरलं की तिथं गवत येतं. जाता-येता मेंढरं रात्री आमच्या रानात बसायची, आम्हाला खत मिळायचं, त्यांना ज्वारी. वडिलांच्या वेळेपासूनचं हे. माळाला कुंपण पडलं तर तात्यांना उरला एक मोठा रस्ता, ट्रकांचा. आणि तात्यांचा जावई आधीच त्यांच्या मागं लागला होता, की मेंढरं विका आणि शेंद्र्याला कंपनीत वॉचमन व्हा.

मी बोललो. "मेंढरांची वाट आहे," म्हणालो. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोर्टात उभा राहून विरुद्ध पक्षाचा दावा कबूल केला होता. त्याला चूक तरी कसं म्हणू? मीही चाळीस वर्षं तेच करत आलो. समोरच्यानं काहीही म्हटलं तरी परिच्छेद एक नाकबूल, परिच्छेद दोन नाकबूल. समोरचा म्हणाला, सूर्य पूर्वेला उगवतो, तरी आधी नाकबूल लिहायचं, मग बघायचं.

बाई म्हणाल्या, जागेवर जाऊन बघू.

दुसऱ्या दिवशी माळावर मी तात्यांना बोलावून घेतलं. तात्या आले, घोंगडी खांद्यावर, नजर गाडीच्या पाटीवर. मुंबईच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही इथून मेंढ्या नेता का?"

"नाय साहेब," तात्या म्हणाले. "आपन तर इकडं येतच नाय."

मी म्हणालो, "तात्या, खरं सांगा. तुमच्याच भल्याचं आहे."

"खरंच सांगायलोय वकीलसाब. आपली मेंढरं पार तिकडून जातात."

त्यांनी हात केला तिकडे नुसता डोंगर होता. माझी पुरती शोभा झाली. राग आला, पण तात्यांचं गणित मला ठाऊक होतं. त्यांच्या आयुष्यात गाडीतून उतरून ज्यानं ज्यानं मेंढरांची वाट विचारली, त्यानं शेवटी दंडाची पावती फाडली किंवा एक बोकड नेलं. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलाच नव्हता, आणि मलाही आठवत नाही.

 माळावर त्या वाटेची खोलगट रेघ सरळ दिसत होती, तिच्यात लेंड्या पडलेल्या होत्या. बाईंनी तिच्यावरून चालत पार खालच्या बांधापर्यंत जाऊन पाहिलं, फोटो घेतले आणि गेल्या.

सुधारलेला मसुदा आला तेव्हा त्यात एक नवं कलम होतं. कुंपणाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक फाटक, मधे गाडीवाट सोडलेली, जनावरांना कायम मोकळी. कुणाची परवानगी लागणार नाही. एकच अट: सलग तीन वर्षं कुणी वापरलीच नाही तर कंपनी ती बंद करू शकेल.

ज्यानं नाही म्हटलं त्याला वाट, आणि ज्यानं नाही म्हटलं त्याच्याच जमिनीतून! दादा म्हणाला, "कुटं तरी पानी मुरायलंय." मलाही तेच वाटलं. मी ते कलम उलटं वाचलं, सुलटं वाचलं, इंग्रजी प्रतीशी ताडून पाहिलं. काही सापडलं नाही, म्हणून झोप लागेना. पुन्हा वर्गमित्राला फोन केला. तो हसला. "अरे, त्यांच्या बँकांना उद्याच्या भांडणाची भीती. आज एक फाटक ठेवलं की पुढची वीस वर्षं कोर्टकचेरी नाही. दया-माया काही नाही, हा त्यांचा धंदा आहे. यातच ते पटाईत आहेत."

म्हणजे खरं शोधून काढणं हासुद्धा धंदा होऊ शकतो. मला हे पचायला जड गेलं, आणि थोडा मत्सरही वाटला, नाही कशाला म्हणू.

कुंपण झालं, काचेच्या पाट्या उन्हात चमकायला लागल्या, फाटकं बसली. पहिल्या उन्हाळ्यात तात्या आले नाहीत. मोठ्या रस्त्यानं गेले. दुसऱ्या उन्हाळ्यातही मोठ्या रस्त्यानंच गेले, आणि एका ट्रकनं त्यांची काही मेंढरं चिरडली. जावयाचं बोलणं वाढलं. तिसरा उन्हाळा तोंडावर आला तेव्हा मी पाचोडच्या बाजारात तात्यांना गाठलं आणि जवळजवळ भांडलोच.

"तात्या, यंदा गेला नाहीत तर वाट कायमची जाईल. एकदा, फक्त एकदा कळप घालून काढा."

"तिथं क्यामेरा हाय."

"तो पाट्यांसाठी आहे. चोरी होऊ नये म्हणून."

"मंग आमच्याकडं तोंड करून का म्हून बसवलाय?"  मग म्हणाले, "आन् वकीलसाब, बोलावल्याबिगर कुनाच्या रानात मेंढरू घालत नसतो आपन. तुमचे वडील वस्तीवर यायचे. गूळ-सुपारी घेऊन. मंग आमी निघायचो. तुमच्या दादाला एकदा येऊन बोलावू द्या. कागद नको मला."

हे मात्र बरोबर होतं. सिंगापूरच्या बाईंनी सगळं विचारलं, पण बोलावणं कोण करतं हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.

दादाच्या मागं मी बरेच दिवस लागलो. शेवटी तो तयार झाला. "तुझ्यापायी," म्हणाला. गूळ घेतला, सुपारी घेतली, नवा टॉवेल घेतला. वस्तीवर गेलो तर तात्यांच्या घरच्यांनी चहा केला, तात्यांनी गूळ कपाळाला लावला आणि म्हणाले, उद्या सकाळी निघतो. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की गाडीत मी शीळ घातली.

सकाळी कळप फाटकाशी आला. मेंढरं खाली माना घालून एकमेकांना ढकलत होती, पुढचं मेंढरू वाट ओळखून थांबलं होतं. मी फाटक उघडलं. तात्यांनी काठी उचलली. आणि दादानं खिशातून मोबाइल काढून त्यांच्या तोंडासमोर धरला.

"तात्या, एकदा म्हना. मालकानं आजच्यापुरती परवानगी दिली म्हून चाललो, माझा हक्क काई नाय. म्हना, आन् जावा."

मी म्हणालो, "दादा, अरे कशाला, कागदात आहे सगळं, कूळ लागत नाही याला."

"तू गप. म्हना तात्या."

तात्यांनी मोबाइलकडे पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ. "तुमच्या बापानं कधी काई म्हनायला लावलं नव्हतं," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी जिभेनं टकटक आवाज केला, आणि पुढचं मेंढरू फिरलं, त्याच्यामागं सगळा कळप फिरला. धूळ खाली बसेपर्यंत ते मोठ्या रस्त्याला लागले होते. मी हाका मारल्या. ते वळले नाहीत.

दादानं मोबाइल खिशात टाकला आणि फाटक ओढून घेतलं.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "मी म्हनत नव्हतो, त्याच्या मनात काई तरी हाय म्हून? मन साफ आसतं, तर म्हनला नसता का?"