बंद माईकमागचा दशरथ

आमच्या दशरथला पेपरवाले 'येरवड्याचा रॉकस्टार' म्हणायचे. हा शब्द त्याला आवडायचा की नाही ते मला कधी कळलं नाही, पण ती कात्रणं त्याने फेकलीही नाहीत. मी त्याची थोरली बहीण, हिरा. सरकारी कचेरीत जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांना उत्तरही दिलं नाही. दशरथची बायको गेली तेव्हा त्यांची मुलगी चैताली अजून बोबडं बोलत होती. तेव्हापासून तो, चैताली आणि मी अशी तीन माणसं येरवड्याच्या दोन खोल्यांत राहिलो.

आमच्या वडिलांची, अण्णांची, गायन पार्टी होती. एप्रिल महिन्यात त्यांना घरी जेवायला सवड नसायची. आज बोपोडी, उद्या दापोडी, परवा पार वाघोलीच्या पुढे, जिथून बोलावणं येईल तिथे जाऊन भीमगीतं गायची. दशरथ दुधाचे दात पडायच्या वयापासून त्यांच्या डाव्या हाताला ढोलकी घेऊन बसायचा. अण्णांची एक सवय होती. कडवं अर्ध्यावर सोडून ते लोकांशी बोलायला लागायचे, बाबासाहेबांची एखादी गोष्ट सांगायचे, आणि मनात येईल तेव्हा ध्रुवपदावर परत यायचे. ढोलकीवाल्याने त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि ओठ हलले की त्यांना गाठायचं. दशरथ त्यांना कधी चुकला नाही. ढोलकीवरून तो पुढे ड्रमवर गेला तरी त्याचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

सलिल आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सदाशिव पेठेतला मुलगा, इंजिनिअर, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि डोक्यात मराठी रॉक बँड काढायचं वेड. कुठल्याशा कॉलेजच्या कार्यक्रमात त्याने दशरथला वाजवताना ऐकलं होतं. आमच्याकडे मांडी घालून जेवला, मला 'हिराताई' म्हणाला, तिखट लागल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही. मला तो आवडला होता, हे आज सांगताना जीभ जड होते, पण आवडला होता.

बँडचं नाव 'दगडफूल'. मी म्हटलं, मसाल्याच्या दुकानाला शोभेल. पण पहिला अल्बम आला आणि त्यातली गाणी रिक्षांपासून लग्नांच्या हॉलपर्यंत वाजायला लागली. त्याच सुमारास हिंजवडीला आणि खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या प्रत्येक कंपनीला वर्षातून एकदा आपल्या पोरांना नाचवायचं असायचं. 'दगडफूल'ला पुण्यात, पुण्याबाहेर, बंगलोरला, पार दुबईपर्यंत बोलावणी यायला लागली. दशरथने टपाल खात्यातली नोकरी सोडली. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. आमच्या घरातली दुसरी सरकारी नोकरी होती ती, आणि ती यायला दोन पिढ्या गेल्या होत्या.

पेपरात बँडबद्दल छापून यायचं त्यात गाण्यांबद्दल कमी आणि सलिल-दशरथबद्दल जास्त असायचं. पेठेतला सलिल आणि वस्तीतला दशरथ एका स्टेजवर, याचं लोकांना भारी कौतुक. पोस्टरवर दोघांचे चेहरे शेजारी शेजारी असायचे, बँडमधल्या बाकीच्या दोघांचे मागे, लहान. आम्ही त्यांच्या पोस्टरचा अर्धा भाग होतो, आणि तो अर्धा भाग काढला तर उरलेला अर्धा फिका पडेल, हे सलिलला चांगलं कळत होतं.

दशरथचं ऐकू येणं कधी कमी व्हायला लागलं ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग तो म्हणायला लागला की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. चैताली म्हणायची, "पप्पा, लोक पहिल्यासारखंच बोलतात." त्यावर तो हसायचा, कारण त्याला ते ऐकू आलेलं नसायचं. मी त्याला बळेबळे कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "कुठल्या कारखान्यात कामाला आहात?" मशीन लावा, मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मशीन आणलं, ते कपाटात गेलं. ड्रम वाजवणारा कानाला मशीन लावून बसला तर उद्या दुसरा माणूस बसवतील, असं त्याचं म्हणणं. मी पुष्कळ भांडले. पण त्याच्याशी भांडणंही अवघड झालं होतं, निम्मं त्याच्यापर्यंत पोचायचंच नाही.

बँडमध्ये हे कळलं ते दुसऱ्या अल्बमच्या रेकॉर्डिंगला. ही हकिगत मला पुढे सुखदेवने सांगितली. सुखदेव म्हणजे त्यांचा साउंडवाला, आमच्याच भागातला, मिक्सरवर बसणारा. रेकॉर्डिंग करताना लय ढळू नये म्हणून वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये एक टिकटिक सोडतात, तिला ते क्लिक म्हणतात. एक संथ गाणं होतं, मध्ये जवळजवळ शांतता असलेलं, आणि त्या शांततेत बारीक टिकटिक ऐकू येत होती. सलिल म्हणाला वायर खराब आहे. वायरी बदलल्या, माईक बदलले, टिकटिक जाईना. शेवटी सुखदेवने दशरथच्या हेडफोनमध्ये जाणारा आवाज स्वतःच्या हेडफोनवर घेतला आणि ते चटका बसल्यासारखे काढून फेकले. दशरथने क्लिक इतका वाढवून घेतला होता की तो हेडफोनमधून गळून ड्रमच्या माईकमध्ये शिरत होता. आणि दशरथ काचेपलीकडून त्यालाच खूण करत होता, अजून थोडा वाढव म्हणून.

तरीही त्यांनी तो अल्बम पूर्ण केला, आणि दशरथने तो चांगला वाजवला. स्टुडिओत तुकड्यातुकड्याने वाजवता येतं. स्टेजवर तसं चालत नाही. सलिललाही अण्णांसारखीच सवय होती, लोक रंगले की तो एखादी ओळ दोनदा जास्त घ्यायचा. अण्णांचं तोंड दशरथला दिसायचं. रॉक बँडमध्ये ड्रमवाला गाणाऱ्याच्या पाठीमागे बसतो. त्याला सलिलची फक्त पाठ दिसायची, आणि पाठीवरून काही ओळखता येत नाही. साताऱ्याच्या कार्यक्रमात सलिल मागे राहिला, दशरथ पुढे निघून गेला, आणि हजारो लोकांसमोर गाण्याचा विचका झाला. घरी आल्यावर दशरथ मला म्हणाला, "सलिल हल्ली दमतो गं, आक्का."

पुढे कार्यक्रम पुन्हा छान व्हायला लागले. दशरथ खुशीत असायचा. मलाही वाटलं, जमवलं असेल त्यांनी काहीतरी. जमवलंच होतं.

चैताली शिकली, तिला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, आणि एका वर्षी त्यांच्याच वार्षिक कार्यक्रमाला 'दगडफूल'ला बोलावलं. तिने मला नवी साडी नेसायला लावून नेलं, दुसऱ्या रांगेत बसवलं, मैत्रिणींना सांगत सुटली, ते बघ माझे पप्पा. तिसरं गाणं ऐन भरात असताना दशरथच्या पायाखालचं, मोठ्या ड्रमचं पेडल तुटलं. तो वाजवायचा थांबला आणि खाली वाकला. दोन्ही काठ्या त्याने खाली ठेवलेल्या मला दिसल्या. आणि ड्रम वाजत राहिले. मोठा ड्रम, लहान ड्रम, झांजा, सगळं जिथल्या तिथे. सलिल गातच होता, लोक नाचतच होते. दशरथने पेडल कसंबसं बांधलं, मान वर केली, आणि पुन्हा सामील झाला. स्टेजवरही आता त्याच्या कानात ती टिकटिक सोडायचे; गाणं कुठवर आलं ते तीच मोजून त्याने धरलं असेल. चैतालीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

कार्यक्रम संपल्यावर मी थेट मिक्सरपाशी गेले. सुखदेवने माझ्याकडे बघितलं नाही. "ताई, मला जे सांगतात ते मी करतो," म्हणाला. त्याच्याकडूनच कळलं, दशरथच्या ड्रमचे माईक दोन वर्षं बंद होते. सगळे ड्रम लॅपटॉपवरून सुटायचे, आणि सलिलने ओळी जास्त घेणं बंद केलं होतं. मग सलिल आला. त्याला मी अहो-जाहो कधी केलं नव्हतं, त्या दिवशी केलं. "काय हो, माझ्या भावाला तिथे शोभेला बसवलंय का?"

"हिराताई, असं बोलू नका," तो म्हणाला. "वाजतंय ते त्याचंच आहे. त्यानेच रेकॉर्ड केलेलं. दुसरा कुणी बँड असता तर त्याला केव्हाच काढलं असतं. आम्ही नाही काढलं."

"काढलं असतंत तर त्याला कळलं तरी असतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण खरं सांगायचं तर रागाहून लाज जास्त वाटत होती, आणि ती कशाची हे मला आजही नीट सांगता येत नाही.

चैताली म्हणाली, "आत्या, मी नाही सांगणार. तूही सांगू नकोस." मला ते मान्य नव्हतं. चिठ्ठी लिहून हातात देणंही मला पटेना, तो काही नोटीस काढलेला भाडेकरू नव्हता. रविवारी सकाळी तो चहा पीत बसला होता, तेव्हा मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "दशरथ, तुझे माईक बंद असतात."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"अगं, जरा मोठ्यानं बोल ना."

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून आहे. दारं उघडी असतात, नळावर बायका असतात, पोरं बॅट-बॉल खेळत असतात. बहिऱ्या माणसाला वाईट बातमी हळू सांगता येत नाही. मी ओरडले, "तुझे माईक बंद असतात. लोकांना तू वाजवलेलं ऐकू जात नाही. दोन वर्षं ते रेकॉर्ड लावतात."

शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. नळावरचं बोलणं थांबलं. दशरथने आधी माझ्याकडे नाही, दाराकडे बघितलं.

"हळू बोल, आक्का," तो म्हणाला.

मग त्याने कप खाली ठेवला. विचारलं, "कोण वाजवतं मग?"

मी त्याच्याकडे बोट केलं.

"बरं वाजवतो का?" तो म्हणाला, आणि कप घेऊन उठला.

मला वाटलं होतं तो सलिलशी भांडेल, बँड सोडेल. त्याने तसं काही केलं नाही. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला कार्यक्रम होता, गल्लीच्या तोंडाशी त्यांची बस आली, तो बसून गेला. तिथे काय झालं ते सुखदेवने फोनवर सांगितलं. सगळ्यात गाजलेलं गाणं चालू असताना दशरथने काठ्या बाजूला ठेवल्या, हाताची घडी घातली आणि लोकांकडे बघत गाणं संपेपर्यंत नुसता बसून राहिला. मागे ड्रम धडधडत होते. सुखदेव म्हणाला, आता दगड येतात की काय असं वाटलं.

दगड नाही आले. शिट्ट्या आल्या. लोकांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे. कुणीतरी मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं, इंटरनेटवर टाकलं, आणि ते आयटीतल्या पोरांनी एकमेकांना पाठवून पाठवून इतकं पसरलं की पुढच्या कार्यक्रमाला लोक ओरडून तेच मागायला लागले. सलिल हुशार माणूस आहे, त्याने ते गाणं कार्यक्रमाच्या शेवटी नेलं. माईकवरून सांगायला लागला, "आणि आता आमचा दशरथ, हात न लावता." नव्या पोस्टरवर दशरथचा एकट्याचा फोटो आला, हाताची घडी घातलेला. बंद माईकची गोष्ट उघड्यावर आली होती, आणि तिला तिकीट लावून झालं होतं.

"कशाला जातोस?" मी त्याला विचारलं. मशीन आता तो लावत होता, पण त्याचा उपयोग फारसा राहिला नव्हता.

"घरात बसून काय ऐकू?" तो म्हणाला. "तिथं निदान स्टेजच्या फळीतून ठोका पायाला तरी लागतो."

पुण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर मी ते एकदाच पाहिलं. चैताली आली नाही. शेवटचं गाणं लागलं, पोरं आरडाओरडा करायला लागली, आणि दशरथने काठ्या ठेवून घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिकीट काढायच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. माझ्या आजूबाजूची मुलं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. मला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि मी पर्स मांडीवर धरून बसून राहिले.

कार्यक्रमानंतर आम्ही दोघं गेटकडे निघालो, तेव्हा एक मुलगा धावत आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, चांगल्या घरातला, नम्र. त्याने वाकून दशरथचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "सर, तुम्ही वाजवत नाही ना, तो पार्ट सगळ्यात भारी असतो. मी फक्त त्याच्यासाठी येतो."

दशरथ त्याच्याकडे बघून हसला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. मुलगा खूश होऊन मित्रांकडे वळला. मग दशरथने मान माझ्याकडे झुकवली.

"काय म्हणाला गं तो?"

गेटपाशी गर्दी होती. तो मुलगाही अजून दोन पावलांवर उभा होता. मी दशरथच्या कानाशी तोंड नेलं आणि होतं तेवढं बळ लावून ओरडले, "तुझ्यासारखं वाजवणारा दुसरा नाही म्हणाला."

दशरथने मान हलवली. मुलाने वळून माझ्याकडे पाहिलं, गर्दीतल्या आणखी चार जणांनी पाहिलं. मी भावाचा दंड धरला आणि त्याला रस्ता ओलांडून रिक्षाकडे घेऊन गेले.