सिग्नल नसलेला रस्ता

गाडी कशीबशी थांबली तेव्हा तिच्या आणि त्या म्हाताऱ्या बाईच्या मध्ये एखादी सायकल जेमतेम मावली असती. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. मी काच खाली केली आणि दिल्लीत वाढलेल्या माणसाला जो आवाज आपोआप लागतो त्या आवाजात ओरडले, "अरे आंटी, मरना है क्या?"

आंटींनी वळून पाहिलं. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हाताने नाकावर धरलेलं शालीचं टोक. ती माझी आई होती.

तिने मला ओळखलं. आणि ओळखून केलं काय, तर "हो पुढे, हो पुढे" अशी हाताने खूण केली! मग दुभाजकाच्या रेलिंगपाशी गेली. तिथे दोन गज कुणीतरी वाकवलेले होते. आधीच पलीकडे पोचलेल्या बायकांपैकी एकीकडे तिने आधी डबा दिला, मग आडवी होऊन त्या फटीतून स्वतः निघून गेली. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय देवघरापर्यंत न जाणारी माझी आई! ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, पण तिच्यापाशी पोचायला मला पुढचा उड्डाणपूल ओलांडून यू-टर्नपर्यंत जावं लागणार होतं. मी गेले. दुसरं काय करणार?

आई पलीकडे कुणाकडे निघाली होती हे मला न सांगताच कळलं होतं. आमच्या टॉवरच्या बरोब्बर समोरच्या टॉवरमध्ये मावशी राहते. सख्खी नव्हे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर आणि ती खालच्या. ती नगरकडची ख्रिश्चन, आम्ही पुण्याचे. आई आणि ती नोकरीला वेगवेगळ्या मंत्रालयांत, पण ऑफिसवाल्यांच्या एकाच चार्टर्ड बसने जायच्या आणि थंडीत जेवणाच्या सुट्टीत एकाच हिरवळीवर बसून स्वेटर विणायच्या. वाटी वर जायची आणि वाटी खाली यायची, आणि रिकामी वाटी परत करायची नाही हा दोन्ही घरांचा कायदा होता. नाताळात तिच्या करंज्या आणि दिवाळीत आमच्या, त्यामुळे वर्षातून दोनदा करंज्या खायला मिळतात हे जगात सगळीकडेच असतं असं मला लहानपणी वाटायचं.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागली. पुढे ती इमारतच पाडली. दोघींनी नोएडात घर घ्यायचं ठरवलं, पण एका टॉवरमध्ये दोन फ्लॅट दोघींच्या खिशाला परवडतील असे मिळेनात. मग समोरासमोरच्या दोन टॉवरमध्ये घेतले. जागा बघायला गेलो तेव्हा मध्ये नुसती मोकळी जमीन होती. दोघी गप्पा मारत इकडून तिकडे चालत गेल्या, परत आल्या, आणि मावशी म्हणाली, "हे तर जिन्यापेक्षा सोपं आहे गं." पुढे इथून मोठा रस्ता जाणार आहे, आणि तोही सिग्नल-फ्री, असं बिल्डरच्या माणसाने सांगितलं तेव्हा आम्ही तिघीही खूश झालो.

खोटं कशाला बोलू, मला तो रस्ता फार आवडायचा. ऑफिसमधून निघालं की कुठे न थांबता थेट घर. दिल्लीत एवढं सुख कोण देतं? रस्त्याच्या मधोमध रेलिंग आलं, कडेचा फुटपाथ पार्किंगने गिळला, आणि यातलं मला काहीच दिसलं नाही. कारण मी त्या रस्त्यावर कधी पायच ठेवला नव्हता. आई मावशीकडे कशी जाते हे विचारलं की ती म्हणायची, "जाते मी आपली." मला वाटायचं, सोसायटीची रिक्षा असेल, नाहीतर पुलावरून जात असेल.

त्या दुपारी धुरक्याने हवा फारच बिघडली म्हणून ऑफिसने आम्हाला लवकर घरी पाठवलं होतं. रोजच्या वेळी निघाले असते तर मला हे आजही कळलं नसतं.

मावशीच्या घरी पोचले तेव्हा दोघी जेवायला बसल्या होत्या. डबा मध्ये उघडलेला.

"आलीस? हात धू, बस," आई म्हणाली.

"आई, तू आत्ता माझ्या गाडीखाली आली असतीस!"

"आले का? नाही ना. आणि आम्ही एकट्या नाही जात यार, सगळ्या मिळून जातो. या टॉवरमध्ये कामाला येणाऱ्या बायका असतात. एकटीसाठी कुणी थांबत नाही, आठजणी दिसल्या की थांबतात."

माझी आई मला "यार" म्हणत होती. कुणाच्या संगतीने ते आता कळलं. "किती दिवस चाललंय हे?"

"रेलिंग लागलं तेव्हापासून."

म्हणजे दोन हिवाळे! मी हात न धुताच बसले. मावशीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी हिला बिल्कुल नको म्हणते. मी खाईन ना माझं माझं." पण ती खात नाही हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. काका गेले, मुलगा परदेशात, आणि मागच्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून तिचं चालणं मंदावलंय आणि नजरही अधू आहे. समोर कुणी बसलेलं नसेल तर ती चहाबिस्किटावर दिवस काढते. आईने एक दिवस दांडी मारली तर ओट्यावर कालची पोळी तशीच असते.

दुसऱ्या दिवशी मी पादचारी पूल बघून आले. आहे तो, पण पार पुढच्या वळणावर. लिफ्टला कुलूप आणि आत एक कुत्री पिल्लं घेऊन झोपलेली. पायऱ्या चढताना मलाच धाप लागली. टॅक्सीवाल्याला समोर जायचंय म्हटलं की तो फोन ठेवून देतो. मग मी एखाद्या सुशिक्षित बाईने करायचं ते केलं. तक्रार नोंदवली, फोटो काढून जोडले, वाकवलेल्या गजांचेसुद्धा. लिहिलं, इथे रोज म्हाताऱ्या बायका जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात, कृपया इथे सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग द्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकाने मात्र विचारलं, "सिग्नल आल्यावर जॅम लागेल, त्याचं काय?" त्यालाही अंगठे मिळाले.

पंधरवड्याने ऑफिसात बसलेली असताना मोबाइलवर निरोप आला. तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया आमच्या सेवेला रेटिंग द्या. मी शेजारच्या मुलीला पेढे देते म्हणाले, खरंच म्हणाले.

संध्याकाळी घराजवळ आले आणि सिग्नल शोधू लागले. सिग्नल नव्हता. फटीच्या जागी नवं रेलिंग होतं, माझ्या डोक्याहून उंच, वर टोकं काढलेली, आणि वेल्डिंग अजून काळंभोर. मी इतकी सुन्न झाले की गेटमध्ये वळायचं विसरून सरळ पुढे गेले आणि पुन्हा तोच यू-टर्न.

आई बाल्कनीत उभी होती. "तक्रार आली म्हणून लावलं म्हणे. कुणी गं केली असेल?" तिने विचारलं.

"मी."

ती आत गेली आणि कुकरखालचा गॅस बंद केला. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी गाडीने तिला पलीकडे नेऊन आणू लागले. पण दुपारचं काय? दुपारी मावशीचा फोन यायचा. "मला आज भूकच नाहीये गं, तू बस आरामात." हे ती रोज म्हणायची, आणि संध्याकाळी गेलो की तिची बांगडी आणखी थोडी वर सरकलेली दिसायची. मला तिच्याकडे बघवेना.

शनिवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर आई घरात नव्हती. ओट्यावर डबाही नव्हता. मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने धावले. रेलिंगपाशी कुणीच नव्हतं. रेलिंग जिथे संपतं तिथे उड्डाणपूल उतरतो, आणि पुलावरून खाली येणाऱ्या गाडीला पायथ्याशी कोण उभं आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, मी तिथून रोज उतरते, पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून.

आई तिथे उभी होती. तिच्याबरोबर त्या बायका.

"घरी चल," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "आई, मी पाया पडते तुझ्या. मी गाडी काढते."

"काढ की. यू-टर्नला आज जॅम आहे, ही आत्ता सांगत होती." तिने समोर बोट दाखवलं. "ती बघ. सकाळपासून उभी असेल."

समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत मावशी कठडा धरून उभी होती. तिला इतक्या लांबचं दिसत नाही. ती नुसतीच रस्त्याच्या दिशेने तोंड करून होती.

पुलावरून एक गाडी सुसाट उतरली, तिच्या वाऱ्याने माझी ओढणी उडाली. लगेच दुसरी. बायका पुढे सरकल्या, आईही सरकली. मी तिला मागे ओढायला हात पुढे केला आणि तिने त्या हातात डबा ठेवला. तो गरम होता. मग लहानपणी बाजारात धरायची तसं तिने माझं दुसरं मनगट घट्ट धरलं.

"पळायचं नाही," ती म्हणाली. "आणि डबा सरळ धर, आमटी आहे."