झुल्माची काठी

मी जन्माचा संशयी आहे. खाटकाने मांस तोललं की मी काट्याकडे बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघतो. बायको म्हणते, तू स्वर्गात गेलास तरी आधी कुंपण तपासशील. म्हणूनच आमच्या फिंच-मंडळाने मला बावीस वर्षं सेक्रेटरी ठेवलंय. या खेळात सगळ्यांवर भरवसा टाकणारा माणूस कामाचा नाही.

मे ते जुलै, दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही रस्त्याच्या कडेला लाकडी पेट्या ओळीने मांडतो. प्रत्येक पेटीत एक नर फिंच, चिमणीएवढं गाणारं पाखरू. तासाभरात ज्याचं पाखरू जास्त वेळा गाईल तो जिंकला. पण गाणं पुरं व्हायला हवं. शेवटी ‘सुस्के-विएत’ स्वच्छ ऐकू आलं तरच धरायचं, शेवट गिळला तर सोडून द्यायचं. आणि आपल्या पेटीसमोर आपण बसायचं नाही. चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याच्या पेटीसमोर बसायचं आणि प्रत्येक पुऱ्या गाण्याला लांब काळ्या काठीवर खडूची एक रेघ ओढायची. म्हणजे तुमचं नशीब शेजाऱ्याच्या हातात. आमच्या गावात कोण कोणाशी का बोलत नाही, हे विचारायचं असेल तर आधी या काठ्यांबद्दल विचारावं.

ओदिल देप्रे आमच्यातला जुना गडी. त्याची बायको झुल्मा, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे सोलून निवृत्त झालेली. तिने आयुष्यभर आमची टर उडवली. एवढ्याशा पाखराला बघायला एवढाले बाप्ये बसतात, म्हणायची. ओदिल फेब्रुवारीत गेला आणि मे महिन्यात ही बाई त्याची पेटी सायकलला बांधून हजर. नियमात बाईने बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी रात्रभर शोधून पाहिलं होतं.

त्या दिवशी तिच्या वाट्याला आमच्यातल्या नोएलचं पाखरू आलं. तासाने काठ्या गोळा केल्या तर हिच्या काठीवर सहाशे अकरा रेघा. गावाच्या इतिहासात असं पाखरू झालं नाही. नोएल म्हणाला, हिने समोरून गेलेल्या सायकलींच्या घंटाही धरल्या असतील. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. तिची काठी आम्ही बाद केली. तिने रेघा पुसल्या, पेटी बांधली आणि गेली. त्या मोसमात पुन्हा दिसली नाही.

पुढच्या मे महिन्यात ती परत आली आणि आमची झोप उडाली.

आता तिच्या काठीवर रेघा फार कमी यायला लागल्या. जे पाखरू एरवी चारशे गाणी म्हणतं, ते झुल्मा समोर बसली की तीनशेच्या आसपास घुटमळायचं. एकदा झालं, दोनदा झालं. पाच रविवारी पाच माणसांच्या पाखरांचं तेच. आणि इकडे ओदिलचं पाखरू, ज्याची मोजणी आमच्यातलेच कोणी करत, ते दोनदा पहिलं आलं. यात गुंतागुंतीचं काय आहे? दुसऱ्यांची गाणी गिळायची, म्हणजे आपलं वर जातं. मी माझ्या वहीत तारीखवार सगळं टिपून ठेवलं. जुलैच्या सुरुवातीला मंडळाची बैठक झाली आणि सगळ्यांचं एकमत झालं की बाई लबाड आहे. पुरावा मिळाला तर तिला काढून टाकायचं. पुरावा आणायचं काम अर्थात माझ्याकडे.

यात माझाही जीव अडकला होता, ते लपवत नाही. मोसमभराच्या बेरजेत जो पहिला तो राजा. बावीस वर्षांत मी कधी राजा झालो नव्हतो. या वेळी शेवटच्या रविवारी माझ्या पाखराने साडेतीनशे गाणी म्हटली की बेरजेत आघाडीवर असलेल्या मॉरित्सच्या मी पुढे जात होतो, आणि ते तर चारशे सहज म्हणायचं. त्या रविवारच्या चिठ्ठ्या आम्ही आठवडाभर आधीच टाकल्या. माझ्या पेटीसमोर झुल्मा आणि तिच्या पेटीसमोर मी.

बुधवारी सकाळी मी न सांगता तिच्या घरी गेलो. मागच्या बागेत ती पेटीकडे पाठ करून बसली होती. मांडीवर काठी, बाजूला ओदिलचा जुना टेपरेकॉर्डर. पाखरू गात होतं, ती रेघा ओढत होती आणि टेप सगळं भरून घेत होता. दहा मिनिटांनी तिने टेप मागे नेला, निम्म्या वेगाने लावला, आणि एकेक गाणं ऐकत काठीवरची एकेक रेघ तपासली. दोन रेघा चुकल्या होत्या. त्या जागा तिने पुन्हा पुन्हा ऐकल्या, मग काठी पुसून पहिल्यापासून सुरू केलं. मी कुंपणापाशी उभा आहे हे तिला केव्हाच कळलं होतं.

“ये फिर्मिन,” ती म्हणाली. “हेरगिरी करायची तर खुर्चीवर बसून कर.”

मी विचारलं, हे किती दिवस चाललंय? चौदा महिने, ती म्हणाली. रोज तीन वेळा, दहा-दहा मिनिटं. पहिले दोन महिने तिने मोजणी केलीच नाही, नुसता शेवटचा तुकडा ऐकला. शेवट झाला की नाही, एवढंच. मग ट्रॅक्टर जात असताना ऐकायचा सराव. मग दोन पाखरं एकदम गात असताना. आपण चाळिसाव्या मिनिटानंतर जास्त चुकतो असं तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने एक महिना फक्त शेवटच्या वीस मिनिटांसाठी दिला. आधी चाळीस मिनिटं बटाटे सोलत बसायची, कान दमवायला.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं. माझ्या आवाजात संशय होता आणि तो तिला ऐकू आला.

“ओदिल गेला आणि हे पाखरू गातच राहिलं,” ती म्हणाली. “चांगलं गातंय की वाईट, मला कळेना. चाळीस वर्षं तो मला सांगायचा, ऐक गं, ऐक. मी एकदाही ऐकलं नाही.”

मग संशय पुन्हा वर आला. मी म्हटलं, मग माझ्यासमोर मोज. तिने एक दुसरी काठी माझ्या हातात दिली. दहा मिनिटं दोघांनी मोजलं. माझ्या एकसष्ट रेघा, तिच्या सत्तेचाळीस. लबाडी पकडली, मला वाटलं. तिने टेप निम्म्या वेगाने लावला. गाणी लांब, जड होऊन येऊ लागली. चौथं गाणं शेवटाशी आलं आणि तुटलं. ‘विएत’ नव्हतंच. माझ्या काठीवर मात्र रेघ होती. मग नववं, मग अकरावं. मी म्हटलं, टेप खराब आहे. तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही ‘विएत’ आलं नाही.

“तू ऐकत नाहीस, फिर्मिन. तुला पुढचं पाठ आहे,” ती म्हणाली. “पाखराने सुरुवात केली की तुझं डोकंच गाणं पुरं करतं. तुम्हा सगळ्यांचं तेच होतं. म्हणून तुमची पाखरं चारशे म्हणतात.”

“आणि तुझं पाखरू? ते तर आमच्याच मोजणीत पहिलं आलं.”

“ते तर सगळ्यात आळशी आहे. रविवारी बघ ना.”

घरी येताना मी तिच्यावर चिडलो होतो. टेपमध्ये तिने काही केलं असेल, हा विचार मी शनिवारपर्यंत जपून ठेवला. रविवारी, मंडळाने ठरवल्याप्रमाणे, पडताळणीसाठी तिच्या खुर्चीमागे दुसरी काठी घेऊन नोएलला बसवलं. मीच बसवलं.

मी ओदिलच्या पाखरासमोर बसलो आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा शेवटाची वाट पाहिली. फार त्रास झाला. हात आपोआप उठायचा, मी तो धरून ठेवायचो. तासाने माझ्या काठीवर दोनशे एकावन्न रेघा होत्या. लोकांनी पाठीवर थाप मारली. बरी जिरवलीस, म्हणाले. झुल्मा येऊन काठीवरून बोट फिरवून म्हणाली, “एवढंच म्हणतं ते.” आणि हसली. तिच्या नवऱ्याचं पाखरू शेवटून दुसरं आलं होतं, आणि तिला असं हसताना मी ओदिल गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

माझ्या पाखराच्या दोन काठ्या टेबलावर आल्या. नोएलची, चारशे दोन. झुल्माची, तीनशे अठरा. कोणती धरायची हे सेक्रेटरीने ठरवायचं, असं नियमात आहे. तो नियम मीच लिहिला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मॉरित्स तर टोपी काढून अभिनंदनाला पुढेच आला होता. मला राजा व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. मी म्हणालो, तीनशे अठरा.

मॉरित्स राजा झाला. त्याची काठी कोणी भरली आणि किती तुटलेली गाणी धरून भरली, हे मला आता नीट माहीत आहे.

गावाने सरळ अर्थ लावला. बुधवारी सकाळी मी विधवेच्या बागेत दिसलो होतो. बायकोने दोन दिवस माझ्याकडे खाटकाच्या अंगठ्याकडे बघावं तसं बघितलं, मग मी तिला घेऊन गेलो आणि टेप ऐकवला. मंडळाला मात्र टेप ऐकायचा नव्हता. हिवाळ्यातल्या बैठकीत ठराव झाला की पुढच्या मोसमात देप्रेबाई आणि सेक्रेटरी, दोघांच्याही मागे एकेक माणूस बसवावा. मी तो ठराव स्वतःच्या अक्षरात लिहिला.

परवा मोसमाचा पहिला रविवार झाला. माझ्या मागे नोएल होता. समोरच्या पाखराने मान वर केली, गाणं चढवत शेवटापर्यंत आणलं आणि ‘विएत’च्या आधीच थांबलं. माझा हात मांडीवरच होता. मागे नोएलचा खडू काठीवर चर्रकन ओढला गेला.