उन्हात वाळवलेला सिगार

जावई बंगळुरूचा, मराठी मोडकंतोडकं. लग्नानंतर पहिल्यांदाच पोरीसोबत आमच्याकडं वाटूरला राहायला आल्ता. पोरीनं मला आधीच फोनवर बजावलं होतं, "बाबा, हा फारसा बोलत न्हाई अन् तुम्हीही तसलेच. दोघं नुसते तोंडं पाहत बसू नका." मलाही धाकधूक होतीच. जावई परका राहिला तर पोरगीही हळूहळू परकी होते, हे मी गावात पाहिलंय.

त्यानं माझ्यासाठी एक सिगार आणला होता. अंगठ्याएवढा जाड, वरचं पान काळंभोर. तो आंघोळीला गेल्यावर बायकोनं हात लावून पाहिला. "दमट लागून राह्यला, बुरशी धरंल," म्हणत तिनं तो गच्चीवर पापडांच्या शेजारी वाळत घातला. मीही म्हणलं, बराबर केलं.

संध्याकाळी अंगणात जावयानं सिगार कानाशी धरून दाबला, तर तो पापडावानी कुरकुरला. बायको कौतुकानं म्हणाली, "दिवसभर वाळवला मी." पोरीनं कपाळाला हात लावला. सिगार दमटच ठेवायचा असतो म्हणे. माझं तर तोंडच उतरलं.

पण जावई हसला. वाळून उकललेल्या वरच्या पानावर मी बिडीसारखा दोरा गुंडाळून दिला अन् आम्ही आळीपाळीनं ओढू लागलो. मी सवयीनं धूर छातीत घेतला अन् खोकून बेजार झालो. "अंदर नहीं, सिर्फ मुंह में," तो म्हणाला. तोंडात घोळवला तेव्हा कुठं चव लागली. आधी मिऱ्याचा ठसका, मंग कडक कॉफी, मागून भाजलेले शेंगदाणे. मी मोठ्या हौसेनं आमच्या बागेतल्या मोसंबीचा रस पुढं केला, तर धुरावर त्या रसानं तोंड कडूजहर झालं. मंग कोरा चहा अन् काळ्या गुळाचा खडा दिला. ते जमलं. घोट, खडा, झुरका. बोलण्यात त्याच्या आजोबांची कॉफीची बाग निघाली, माझी मोसंबी निघाली, अन् बागेच्या पाण्यावर तर आम्ही तासभर बोललो.

गूळ संपला. मी बायकोला हाक मारायच्या आत जावई उठला, चपला काढून सैपाकघरात शिरला अन् डबे उघडून पाहू लागला. आमच्याकडं जावयाला पाणीसुद्धा हातात नेऊन देतात. बायको गडबडली, "अहो जावईबापू, मी देते ना."

"बसा आई, भेटला," आतून आवाज आला.

पोरगी सकाळपासून आमच्या अवतीभवतीच घुटमळत होती. मला फार बरं वाटलं. मी तिला एवढंच म्हणलं, "आता तू खुशाल झोप गं बाई. आमचं जमलं."