वर जायचं नाही

गावातल्या वाचनालयाला पायरी नाही. यात कौतुक ते काय, असं कुणालाही वाटेल. ग्रंथपालबाईंसमोर मात्र तसं बोलून बघू नका. इमारत मुळात धान्याचं गोदाम. पोत्यांनी भरलेल्या हातगाड्या थेट आत ढकलता याव्यात म्हणून बांधणाऱ्याने जोतं रस्त्याच्या पातळीलाच ठेवलं. पुढे व्यापारी बुडाला. मग साथ आली आणि तिथे आजाऱ्यांच्या खाटा लागल्या. साथ ओसरली, पण लोकांची भीती काही ओसरेना. दुकानदार नको म्हणाले, शाळा नको म्हणाली. शेवटी चार वाचनवेड्यांनी भिंतींना चुना मारला आणि पुस्तकं मांडली. ज्याला कुणी विचारत नाही ते वाचनालयाच्या गळ्यात मारायचं, ही रीत तेव्हापासूनची.

ग्रंथपालबाईंचा डावा पाय लहानपणीच तापात गेला. शाळेचे वरचे वर्ग माडीवर भरायचे, त्यामुळे यांचं शिक्षण जिन्यापाशी अडलं. गावात कुणाचाही हात न धरता आत शिरता येईल असं एकच दार होतं, ते वाचनालयाचं. आधी तिथे वाचायला बसल्या, मग पुस्तकांना कव्हरं घालायला, आणि होता होता ग्रंथपालाच्या खुर्चीवरच. बघायला आलेल्या पाहुण्यांनी पायाकडे पाहिलं, तेव्हा बाईंनी त्यांना दाराकडे बघायला सांगितलं. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला त्या विचारत, "खुणेसाठी तुमचा कान असाच दुमडून ठेवू का?" लोक घाबरत, आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. थोरला भाऊ तेवढा अजून बेबी म्हणायचा, आणि आता तो नगराध्यक्ष झाला होता. त्याने वाचनालयावर मजला चढवायला घेतला. "वर मुलांसाठी अभ्यासिका करतोय," असं बहिणीला सांगितलं. बाईंनी भाबडेपणाने गवंड्यांना चहासुद्धा पाजला. मजला पूर्ण झाला, बाहेरून नवाकोरा जिना लागला, आणि मग भर सभेत दादाने खरं काय ते सांगितलं. खाली दुकानांचे गाळे निघणार होते.

"काळजी नसावी," तो माइकवर म्हणाला. "वाचनालय कुठेही जात नाहीये. फक्त वर जातंय."

"वर गेलेलं कुणी परत आलेलं मी तरी पाहिलं नाही, दादा!" मागच्या रांगेतून बाई ओरडल्या.

सभा खो खो हसली. दादा हसला नाही. संध्याकाळी तरातरा बहिणीच्या घरी आला.

"चारचौघांत शोभा केलीस माझी."

"आणि तू मला अभ्यासिका सांगितलीस, त्याचं काय?"

"अगं, निधी आला की लिफ्ट बसवू. तोवर घरी बस, पगार चालू ठेवायची जबाबदारी माझी. तुला काही कमी पडू देईन का मी?"

बाईंना राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. सख्ख्या भावालाही हा पगाराचाच प्रश्न वाटत होता.

"मला माझ्या पायाने आत जायचंय," त्या म्हणाल्या. "तिथे गुडघे धरून येणारे म्हातारे आहेत, दिवस भरत आलेली शिंपीण आहे. त्यांनाही घरी बसवणार आहेस? त्यांना काय देणार?"

दादा चहा न घेताच गेला.

पुस्तकं हलवायला हमाल आले, तेव्हा बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पेपर वाचायला आलेले म्हातारे रस्त्यावरच खोळंबले.

"बाई, जरा सरकता का? वाटेतच बसलाय तुम्ही," एक हमाल म्हणाला.

"आज तेच काम आहे माझं."

हमालांनी फोन केला. दादा आला, घामाघूम.

"ऊठ, बेबी."

"न्यायचं तर उचलून ने. वर."

"वेड लागलंय का? लोक बघताहेत."

"बघू देत! तुझ्या वाचनालयात शिरायला मला रोज कुणीतरी उचलावं लागणार, हे कळू दे की त्यांनाही. लाव हात."

दादा हट्टाला पेटला आणि खरंच वाकला. आयुष्यात कुणाचा आधार न घेतलेल्या बाईंनी भर रस्त्यात त्याच्या गळ्यात हात टाकले. लाजेने त्यांचे कान तापले, पण हात सुटू दिले नाहीत.

"साहेब, कंबर सांभाळा," एक निवृत्त पोस्टमन म्हणाला. कुणी हसलं नाही.

चार पायऱ्या कशाबशा झाल्या. दादाला पुढची पायरी चढवेना. त्याने बहिणीला पायरीवर बसवलं आणि तिच्या शेजारीच धपकन बसला. वर बराच जिना उरला होता. दादा त्या उरलेल्या पायऱ्यांकडे बघत राहिला.

"दमलास?"

"दमलो गं."

मग तो हमालांना म्हणाला, "आज राहू द्या."

"आज नाही," बाई म्हणाल्या. "कायमचं सांग."

"गाळ्यांचं सगळं ठरलंय, बेबी. मी लोकांना काय तोंड दाखवू?"

"हेच दाखव. सगळा गाव बघतोय आत्ता."

दादाने समोरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात हमालांना म्हणाला, "पुस्तकं इथेच राहतील. परत येऊ नका." आणि बहिणीला उतरवायला त्याने हात पुढे केला.

बाईंनी तो धरला नाही. कठडा पकडून, बसत बसत, एकेक पायरी त्या स्वतःच उतरल्या. साडी मळली, ती झटकली. दारातली खुर्ची बाजूला ओढली.

"या आत," त्या म्हाताऱ्यांवर खेकसल्या. "बघताय काय?"