आईनं टोकलं

बुधवारा आळीतल्या सुधाकर मास्तरांना एका माणसाचा कायम संशय. तो म्हणजे त्यांचा बालमित्र जीवन. जीवन आता सिनेमे काढतो. मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात आणि घरी येऊन, जीवननं आपलं आयुष्य चोरलं असं बायकोला, मालतीबाईंना, ऐकवतात.

संशयाला जागा होतीच म्हणा. जीवनच्या प्रत्येक सिनेमात एक माणूस घर सोडून निघतो, उंबऱ्यात कुणीतरी "कुठे चाललास?" म्हणून टोकतं, तो परत फिरतो, पाणी पितो आणि बसतो तो उठतच नाही. मास्तरांना त्यातला तांब्यासुद्धा आपलाच वाटायचा. जाणकार लिहीत, माणसाला निवडीचं स्वातंत्र्य पेलवत नाही, म्हणून तो कारणं शोधतो. मास्तर उखडायचे. "डोंबलाचं स्वातंत्र्य! मले आईनं टोकलं, म्हणून बसलो."

तीस वर्षांपूर्वी दोघं मिळून मुंबईला सिनेमा शिकायला निघणार होते. आईच्या टोकण्यानं मास्तरांची गाडी चुकली, ही हकीकत अख्ख्या आळीला पाठ होती. म्हातारीसमोरही ते ती बिनदिक्कत सांगत. ती खाली मान घालून गव्हातले खडे वेचत राही. गेल्या वर्षी ती वारली.

परवा जीवनचा नवा सिनेमा टीव्हीवर लागला. माणूस पिशवी घेऊन उंबऱ्याशी आला. या खेपेला टोकायला कुणीच आलं नाही. आई आत भाकरी थापत होती, तिनं वरही पाहिलं नाही. माणूस आपणहून वळला, पाणी प्याला आणि बसला.

हे त्यांच्याखेरीज फक्त आईला माहीत होतं. मालतीबाई टीव्ही सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. मास्तरांनी तिथूनच जीवनला फोन लावला.

"खरं सांग जीवन्या, तुले कोनं सांगितलं?"

"तुह्या आईनं. तुही गाडी चुकली त्याच साली, दिवाळीत. मी रागावलो, पोराले काहून टोकलं म्हणून. त्या म्हणे, नाही रे बाबा, मी कुठं टोकलं? त्या होत्या तोवर मी दाखवलं नाही."

"मग मले कधी काहून नाही बोलली ती?"

"मीही विचारलं. त्या म्हणे, खरं निघालं तर तो सोताले खाईन. त्यापरीस मले बोल लावू दे."

मास्तरांनी फोन ठेवला. "काय म्हणत होते?" मालतीबाईंनी विचारलं. अजूनही थाप मारता आली असती, आणि मास्तरांच्या जिभेवर एक आलीही होती.

"मालती," ते म्हणाले, "आईनं मले टोकलं नव्हतं. मीच भ्यालो होतो."